चोवीस तास

[दृश्य : हाताचा क्लोज-अप. तर्जनीवर निळा डाग. हातात पिस्तूल.]

बोटावरचा हा निळा डाग फळ्यावरच्या मार्करचा आहे. काल दुपारपर्यंत हे बोट तिसरीच्या मुलांना भागाकार समजावत होतं. आता ते पिस्तुलाच्या अंगाला सरळ टेकलंय. चापावर नाही, चापाच्या जरा वर. गोळी झाडायचं मनाशी पक्कं होईपर्यंत बोट तिथून हलवायचं नाही, हा इथला पहिला धडा. सकाळपासून प्रशिक्षकांनी तो इतक्यांदा सांगितलाय, की आमच्या कॅमेरामनलाही पाठ झालाय.

बाईंचा चेहरा तुम्हाला दिसणार नाही, नावही कळणार नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात शाळेतल्या कर्मचाऱ्यांना शस्त्र बाळगता येतं, आणि त्यासाठी राज्यानं सक्तीचं केलेलं प्रशिक्षण जास्तीत जास्त चोवीस तासांचं आहे. अशा कर्मचाऱ्यांची नावं ओहायोच्या कायद्यानं गुप्त ठेवली आहेत. आमच्या शाळेत अशी परवानगी आहे, एवढं शाळा मंडळानं लोकांना कळवायचं. कुणाला, ते सांगायचं नाही. म्हणून या फिल्ममध्ये हात दिसतील, बूट दिसतील, पाठी दिसतील.

[दृश्य : रेंज, म्हणजे गोळीबाराच्या सरावाचं मैदान. मातीचा बांध, त्यापुढे कागदी आकृत्या. कानांवर मफ्स लावलेली आठ-नऊ माणसं, पाठमोरी.]

हा ओहायो राज्याचा नैर्ऋत्य कोपरा. मक्याची आणि सोयाबीनची शेतं, मधूनच एखादं चर्च. रांगेत उभे आहेत ते सगळे शाळेतले. चौथीचे एक सर आहेत, ग्रंथपाल आहेत, एक मुख्याध्यापक आहेत. सगळ्यांनी सुट्टीचे दिवस देऊन हे शिकायचं ठरवलंय. कुणी त्यांच्यावर सक्ती केलेली नाही.

आधी मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, भरायची. स्प्रिंग कडक असते, सातव्या-आठव्या काडतुसापर्यंत अंगठा दुखायला लागतो. मग तळहातानं ठोकून ती पिस्तुलाच्या मुठीत बसवायची आणि स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागं ओढून सोडायची. ग्रंथपाल बाईंना ती ओढवत नाही. प्रशिक्षक जवळ येतात. म्हणतात, स्लाइड ओढू नका, नुसती घट्ट धरा, आणि दुसऱ्या हातानं पिस्तूल पुढं ढकला. तिसऱ्या खेपेला जमतं.

[दृश्य : ग्रंथपाल बाईंचे हात. स्लाइडचा आवाज. मग एकामागून एक बार.]

वीस-बावीस फुटांवरून दहा गोळ्या. कागदावर आठ भोकं. शेजारचे सर त्यांच्या पाठीवर थाप मारतात.

कागदाच्या हातात मात्र बंदूक नसते. न्यूयॉर्कचे पोलीस वर्षानुवर्षं सराव करतात. त्यांच्या नोंदींचा अभ्यास रँड या संस्थेनं २००८ साली प्रसिद्ध केला. समोरूनही गोळ्या येत असताना पोलिसांनी झाडलेल्या शंभरातल्या सरासरी अठरा गोळ्या लागल्या होत्या. उरलेल्या ब्याऐंशी कुठंतरी गेल्या. शाळेत ते ‘कुठंतरी’ म्हणजे काय, हे पुढच्या दृश्यात बघा.

[दृश्य : शाळेचा रिकामा कॉरिडॉर. दोन्ही बाजूंना लॉकर. भिंतीवर मुलांनी चिकटवलेली कागदी फुलपाखरं. कॅमेरा टोकापर्यंत चालत जातो. निवेदन थांबतं.]

दुपारी प्रात्यक्षिक असतं. चोवीसपैकी किमान चार तास अशा रचलेल्या प्रसंगांत घालवायचे, असं कायदाच सांगतो. बाकीच्या तासांत बरंच काही बसवलेलं आहे. चिडलेल्या माणसाला शब्दांनी शांत करणं, वायरलेसवर नेमकं बोलणं, मुलं पालकांच्या ताब्यात कशी द्यायची ते, आणि प्रथमोपचार. रक्त थांबवायचा पट्टा जखमेच्या वर कसा आवळायचा आणि आवळल्याची वेळ त्यावर कशी लिहायची, हे सगळे एकमेकांच्या मांडीवर शिकले. मला विचाराल तर सबंध प्रशिक्षणातला हा भाग प्रत्येक शाळेतल्या प्रत्येक माणसाला मिळायला हवा.

या प्रसंगात पिस्तुलं सरावाची आहेत, गोळी लागली की रंग उमटतो. एक प्रशिक्षक हल्लेखोर झालाय, दोघे पोलीस झालेत. आपल्या मार्करवाल्या बाई वर्गातून बाहेर येतात. पिस्तूल दोन्ही हातांत, बोट जागेवर. सगळं शिकवल्याबरहुकूम. त्या कोपऱ्याशी पोचतात. पलीकडून पोलीस वळतात.

[दृश्य : दोन बार. बाईंच्या करड्या स्वेटरवर, खांद्याखाली, केशरी रंगाचा डाग. बाई डागाकडे बघतात. निवेदन नाही.]

हे आम्ही घडवून आणलेलं नाही. पोलीस झालेल्या प्रशिक्षकाला समोर बंदूक घेतलेलं माणूस दिसलं, एवढंच. ती बंदूक शिक्षिकेची आहे, हे कळायला त्याच्याकडे वेळ नव्हता.

[दृश्य : मॅडिसन शाळेची इमारत, रस्त्यावरून. झेंड्याचा खांब. पिवळ्या बसेसची रांग.]

हे चोवीस तास आले कुठून, ते समजायला या इमारतीपाशी थांबावं लागेल. बटलर काउंटीतली ही मॅडिसन शाळा. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी इथल्या उपाहारगृहात चौदा वर्षांच्या एका मुलानं पिस्तूल काढलं. चार विद्यार्थी जखमी झाले, सुदैवानं कुणाचा जीव गेला नाही. शाळेत नेमलेल्या पोलिसानं त्या मुलाचा पाठलाग करून त्याला इमारतीबाहेर हुसकावलं.

दोन वर्षांनी, फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत सतरा जण मारले गेले आणि देशभर पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. मॅडिसनच्या शाळा मंडळानं ठरवलं, आपल्या काही कर्मचाऱ्यांना शस्त्र द्यायचं. तीन दिवसांचं एक शिबिर त्यांना पुरेसं वाटलं. काही पालक न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. शाळेत हत्यार घेऊन कामावर असणाऱ्या माणसाचं पोलिसाचं मूलभूत प्रशिक्षण झालेलं हवं, नाहीतर पोलीस म्हणून वीस वर्षांचा अनुभव हवा, असा राज्याचा जुना कायदा आहे, तो पाळा. हे प्रशिक्षण सातशेहून अधिक तासांचं. खालच्या न्यायालयात पालक हरले, अपिलात जिंकले. जून २०२१ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध तीन मतांनी पालकांच्या बाजूनं निकाल दिला.

[दृश्य : कोलंबस. विधानभवनाचे दगडी खांब. पायऱ्यांवर लाल टी-शर्टातल्या बायका.]

मग कायदाच बदलायचं ठरलं. विधेयक मांडलं आमदार थॉमस हॉल यांनी. मॅडिसनमध्ये त्या मुलामागं धावलेला पोलीस म्हणजे त्यांचे वडील. हा माणूस हा विषय कुठल्या तळमळीनं मांडत असेल, हे समजू शकतं, आणि त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण वडिलांच्या अंगावर गणवेश होता, आणि त्या गणवेशामागं पोलिसाचं पूर्ण प्रशिक्षण होतं. मुलाच्या विधेयकात आकडा आला चोवीस. राज्यानं सक्तीचं केलेलं प्रशिक्षण त्याहून जास्त असणार नाही, आणि पुढं दर वर्षी जास्तीत जास्त आठ तासांची उजळणी. एखाद्या शाळा मंडळाला वाटलंच तर त्यांनी आपल्यापुरतं वाढवावं.

साक्षी झाल्या तेव्हा विरोधात बोलायला शेकडो लोक आले. त्यात शिक्षकांच्या संघटना होत्या, हे ओघानंच आलं. पण पोलिसांची राज्य संघटनाही होती. ज्यांचा रोजचा धंदाच हत्यार बाळगण्याचा, ते म्हणत होते की एवढ्या तासांत हे येत नाही.

२४ मे २०२२ ला टेक्ससमधल्या उवाल्डेच्या प्राथमिक शाळेत एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. जेमतेम आठवडा उलटला आणि ओहायोत विधेयक मंजूर झालं. १३ जूनला गव्हर्नर माइक डिवाइन यांनी सही केली. योगायोग असा, की त्याच दिवशी राज्यात आणखी एक कायदा लागू झाला. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला लपवून पिस्तूल बाळगायला परवान्याचीही गरज उरली नाही.

उवाल्डेत त्या दिवशी शस्त्रधारी माणसं कमी पडली नव्हती. ३७६ अधिकारी पोचले होते. वर्गाचं दार उघडून आत जायला सत्त्याहत्तर मिनिटं लागली.

[दृश्य : गावाबाहेरचा सरळ रस्ता. गाडीच्या काचेतून. मैलोन्‌मैल शेत.]

या रस्त्यावरून आम्ही शेरीफच्या ठाण्यापासून एका खेड्यातल्या शाळेपर्यंत गाडी चालवली. बावीस मिनिटं. रस्ता मोकळा होता. तिथले मुख्याध्यापक म्हणाले, “बावीस मिनिटं मी काय करू, तेवढं मला सांगा.” या प्रश्नाला शहरात बसून हसणं सोपं आहे. क्लीव्हलँड, कोलंबस या शहरांच्या शाळांनी शिक्षकांना शस्त्र द्यायला नकार दिला, पण तिथं पोलिसांची गाडी चार चौक पलीकडेच असते. त्या मुख्याध्यापकांचं उत्तर शाळेत पूर्ण प्रशिक्षण घेतलेला पोलीस ठेवणं, हे मला वाटतं. २०२४ साली जॉर्जियातल्या अपालाची हायस्कूलमध्ये हल्लेखोर शाळेतल्याच पोलिसांपुढं शरण आला, त्याआधी चार जीव गेले होते तरी. पण पोलिसाला पगार द्यावा लागतो, आणि शिक्षक आधीपासूनच पगारावर असतो. हिशेबाची ही बाजू कॅमेऱ्यापुढं बोलायला कुणी तयार झालं नाही.

[दृश्य : पहिलीचा वर्ग, सकाळ. मुलं एकेक करून आत येतात. प्रत्येक मूल बाईंच्या कमरेला मिठी मारतं. पूर्ण लांबीचं दृश्य, कापू नये.]

ही दुसरी शाळा. इथं शस्त्रांना परवानगी नाही. या बाईंनी चेहरा दाखवायला हरकत घेतली नाही.

मुलं किती उंच आहेत, तेवढं बघा. त्यांचे हात कुठपर्यंत पोचतात, ते बघा.

[दृश्य : रेंजवरचा होल्स्टर, कमरेच्या उजव्या बाजूला, स्वेटरखाली. क्लोज-अप.]

युटामध्ये २०१४ साली एका शिक्षिकेच्या पिस्तुलातून शाळेच्या स्वच्छतागृहात गोळी सुटली आणि तिच्याच पायाला जखम झाली. कॅलिफोर्नियात २०१८ साली बंदूक कशी सांभाळावी हे शिकवतानाच एका शिक्षकाच्या हातून बार उडाला आणि एक विद्यार्थी जखमी झाला.

[दृश्य : घराचं आतलं दार. कपाट. वरच्या कप्प्यात, घडी केलेल्या चादरींमागं, बुटाचा खोका.]

आता शाळेतून घरी येऊ. कारण बंदूक शाळेत जाते ती बहुतेक वेळा इथून.

अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसनं शाळांमधल्या एक्केचाळीस हल्ल्यांचा अभ्यास २०१९ मध्ये मांडला. ज्या हल्ल्यांत बंदूक वापरली गेली, त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश हल्लेखोरांनी ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातून घेतली होती. कनेक्टिकटमधल्या सँडी हूक शाळेत २०१२ साली वीस लहान मुलं आणि सहा मोठी माणसं गेली. ती बंदूक हल्लेखोराच्या आईची होती. शेजारच्या मिशिगनमध्ये, ऑक्सफर्डच्या शाळेत २०२१ साली चार विद्यार्थी मारले गेले. ते पिस्तूल चारच दिवसांपूर्वी हल्लेखोर मुलाच्या वडिलांनी त्याच्यासाठी विकत घेतलं होतं. २०२४ मध्ये आई आणि वडील, दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी शिक्षा झाली. त्याच वर्षी मिशिगनमध्ये कायदा लागू झाला, की लहान मूल पोचू शकेल अशा घरात बंदूक कुलपातच हवी. ओहायोत असा कायदा नाही.

२०२० पासून या देशात १ ते १९ वयाच्या मुलामुलींच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे.

[दृश्य : टेबलावर केबल-लॉक. प्लास्टिकचं आवरण असलेली पोलादी तार. दोन हात ती तार उघड्या स्लाइडमधून ओवतात, मुठीतून खाली काढतात, कुलूप दाबतात. खट्ट.]

हे कुलूप. अनेक पोलीस ठाण्यांत फुकट मिळतं. तार इथून ओवायची, इथून काढायची, दाबायचं. आम्ही वेळ मोजली. अकरा सेकंद. कुणाची बंदूक काढून घ्यायची नाही, शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या १७९१ च्या घटनादुरुस्तीला हात लावायचा नाही. पिस्तुलाची स्लाइड मिटत नाही, म्हणून गोळी झाडता येत नाही. एवढंच या तारेचं काम.

[दृश्य : स्वयंपाकघर. ओट्यावर पोह्यांची कढई. खिडकीतून अंगण.]

हे माझं घर. माझी लेक दुसरीत आहे. शाळेत हल्लेखोर शिरला तर काय करायचं, त्याच्या कवायतीच्या दिवशी दिवे मालवून, दाराच्या काचेवर कागद लावून, कोपऱ्यात गप्प कसं बसायचं, हे तिला बालवाडीपासून येतं. तिला मैत्रिणीच्या वाढदिवसाचं बोलावणं आलंय. मी या देशात चौदा वर्षं आहे, पण कुणाच्या घरी जाण्याआधी हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. आपल्याकडं यजमानाला असं विचारणं म्हणजे त्याच्या घरावर अविश्वास दाखवणं. तीन दिवस फोन हातात घेऊन ठेवून दिला. शेवटी लावला. केक कुठून आणणार, लेकीला किती वाजता आणू, सगळं विचारून झालं, आणि मग विचारलं, तुमच्या घरी बंदूक आहे का, आणि ती कुलपात असते का.

[दृश्य : शेजारचं घर. तळघराचा जिना. हिरवी पोलादी तिजोरी, माणसाच्या खांद्याइतकी उंच.]

पलीकडं क्षणभर शांतता होती. मग त्या म्हणाल्या, “चार आहेत. आधी येऊन बघून जा, मग तिला पाठव.”

[दृश्य : त्या तिजोरीचं हँडल ओढून दाखवतात. उघडत नाही. वरून, अंगणातून, मुलांचा आवाज. चित्र काळं होतं, आवाज थोडा वेळ राहतो.]