आधी चेंडू नीट उडवा

हॉलमध्ये शिरता शिरताच तिघांनी मला एकच प्रश्न विचारला: व्हिडिओ गेम बनवायला युनिटी शिकू की अनरियल? दोन्ही गेम इंजिनं, म्हणजे गेम बनवायची सॉफ्टवेअरं. कुठलंही घ्या. लॅपटॉप जुना असेल तर गोडो हे तिसरं इंजिन घ्या, फुकट आहे आणि हलकंही आहे. तो विषय इथंच संपला.

आता १९७२ सालात चला. अटारी या व्हिडिओ गेमच्या कंपनीत ॲलन अल्कॉर्न नावाचा तरुण इंजिनिअर नुकताच लागला होता. हात बसावा म्हणून अटारीचा संस्थापक नोलन बुशनेलनं त्याला एक काम दिलं: दोन फळ्या, एक चेंडू. तेच ‘पाँग’, पडद्यावरचं टेबल टेनिस. त्यात कोडची एक ओळ नव्हती, सगळी सर्किटची जोडाजोडी. पण अल्कॉर्ननं फळीचे आठ भाग पाडले. मधोमध लागला तर चेंडू सरळ, कडेला लागला तर तिरका. फळी पडद्याच्या टोकापर्यंत जायची नाही, सर्किटच तसं होतं. त्यानं ते मुद्दाम तसंच ठेवलं, नाहीतर दोन तरबेज खेळाडूंचा डाव संपलाच नसता!

मीही सुरुवातीला असाच चेंडू केला होता. दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरचं चित्र नव्यानं काढलं की दर वेळी, पाच पिक्सेल पुढे. माझ्या लॅपटॉपवर सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ३०० पिक्सेल. झकास चाललं होतं. मग मित्राच्या १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ फ्रेम दाखवणाऱ्या मॉनिटरवर लावला, तर तोच चेंडू ७२० पिक्सेलनं सुटला. फळीला हात लावेपर्यंत पॉइंट गेलेला. वेग फ्रेमला नाही, सेकंदाला बांधायचा आणि डेल्टा टाइमनं, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळानं गुणायचं, हे त्या दिवशी कळलं. तेही पुरलं नाही. लॅपटॉप अर्धा सेकंद अडकला की चेंडू एका उडीत १५० पिक्सेल जायचा, फळीच्या आरपार. म्हणून टक्कर तपासताना वेळेचे छोटे, ठरावीक तुकडे करायचे.

गेम कंपन्यांच्या इंटरव्ह्यूत असलंच गणित खोदून विचारतात. शत्रू तुमच्या पुढ्यात आहे की पाठीमागे, कसं ओळखाल? बारावीत मार्कांपुरता घोकलेला डॉट प्रॉडक्ट इथं कामाला येतो. तुमचं तोंड आहे ती दिशा आणि तुमच्यापासून शत्रूकडे जाणारी दिशा, या दोन व्हेक्टरांचा तो काढायचा: धन आला तर पुढे, ऋण आला तर मागे. कोन काढत बसायची गरजच नाही.

नोकरीचं म्हणाल, तर पुण्यात युबीसॉफ्ट या गेम कंपनीचा स्टुडिओ आहे, आणि २०२० साली आलेला ‘राजी’ हा गेम पुण्याच्याच नॉडिंग हेड्स या स्टुडिओचा. मोठ्या इंजिनवर काम करायचं असेल तर सी प्लस प्लस ही प्रोग्रॅमिंगची भाषा टाळता येत नाही. युनिटीत सी शार्पवर भागतं. अर्जासोबत अर्धवट ओपन वर्ल्ड, म्हणजे मोकाट फिरता येईल असा मोठ्या जगाचा गेम, पाठवू नका, तसे ढिगानं येतात. मेनूपासून गेम ओव्हरपर्यंत पुरा झालेला एक छोटा गेम आणि गिटवरचा (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला) त्याचा इतिहास, एवढं पाठवा. समोरच्याला तुम्ही चुका कशा निस्तरल्या ते बघायचं असतं. आणि पाठवण्याआधी तो दुसऱ्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर चालवून बघा. जमलं तर १४४ हर्ट्झवाल्या.