एसएलआरची खोलजोड आणि गॅसची वाट

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे ते एका रायफलबद्दल, आणि त्यातही ती उघडून, साफ करून पुन्हा जोडण्याबद्दल. ऐकणाऱ्यांत माजी सैनिक असतील, पोलीस दलातले, राज्य राखीव दलातले जवान असतील, एनसीसीची मुलंमुली असतील. त्यांना एसएलआर म्हटलं की तिचं वजन लगेच खांद्यावर जाणवेल. बाकीच्या श्रोत्यांना हे हत्यार बाळगण्याचा परवाना मिळत नाही आणि मिळूही नये. पण ज्यांच्या घरातला माणूस वर्दीत आहे, त्यांनी फोनवर "आत्ता वेपन सफाई चाललीय, नंतर बोलतो" हे वाक्य पुष्कळदा ऐकलं असेल. त्या तासाभरात तो काय करत असतो, हे घरच्यांनाही कळावं असं मला मनापासून वाटतं.

एसएलआर म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल. १९६२च्या चीन युद्धात आपला पायदळातला जवान थ्री नॉट थ्री घेऊन लढला. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागं ओढायचा, पुढं ढकलायचा. त्यानंतरच्या काळात आली ती ७.६२ मिलिमीटरची एसएलआर. मूळ आराखडा बेल्जियममधल्या एफएन कंपनीचा, द्यूदोने सेव्ह या अभियंत्याचा. आपल्याकडची १ ए १ ही रायफल बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात तयार झाली. १९७१च्या युद्धात हीच रायफल आपल्या जवानांच्या हातात होती. पुढं सैन्यात इन्सास ही नवी रायफल आली, पण पोलीस दलांमध्ये एसएलआर अजूनही दिसते.

हिच्यात घोडा एकदा ओढला की एकच गोळी सुटते. मात्र रिकामं काडतूस बाहेर टाकणं आणि नवं आत घेणं ही कामं रायफल स्वतः करते. ती कशाच्या जोरावर करते, हे समजलं की सफाईचं सगळं शास्त्र समजतं. गोळी नळीतून पुढं जात असताना वाटेत वरच्या बाजूला एक बारीक छिद्र लागतं. गोळीच्या मागचा तापलेला वायू त्या छिद्रातून वर गॅस सिलिंडरमध्ये घुसतो आणि पिस्टनच्या डोक्यावर आदळतो. पिस्टन मागं येतो, स्लाइडला, म्हणजे आतल्या सरकत्या भागाला, धक्का देतो. स्लाइड थोडी मागं सरकते आणि मग ब्रीच ब्लॉकची, म्हणजे नळीचं मागचं तोंड (ब्रीच) बंद करणाऱ्या ठोकळ्याची, मागची बाजू उचलते. तोवर ती बाजू बॉडीतल्या, म्हणजे रायफलच्या मधल्या सांगाड्यातल्या, खांद्यावर घट्ट टेकलेली असते, म्हणून तर गोळी सुटताना ब्रीच बंद राहते. ब्लॉक सुटला की स्लाइडबरोबर मागं येतो, रिकामं काडतूस ओढून बाहेर फेकतो, बटमधली, म्हणजे खांद्याला टेकवायच्या दस्त्यातली, रिटर्न स्प्रिंग दाबतो आणि त्याच स्प्रिंगच्या जोरानं पुढं जाताना मॅगझिनमधलं, म्हणजे गोळ्यांच्या पेटीतलं, नवं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या पोकळीत, नेतो. हे सारं डोळ्याची पापणी लवायच्या आत.

आता खोलजोडीकडं येऊ.

पहिलं काम रायफल खाली करण्याचं. नळी सुरक्षित दिशेला. आधी मॅगझिन काढायचं, मग डाव्या बाजूचा कॉकिंग हँडल मागं ओढून चेंबर बघायचा. हा क्रम उलटा झाला तर काय होतं ते नीट ऐका. मॅगझिन तसंच ठेवून कॉक केलं, तर वरचं काडतूस चेंबरमध्ये जातं. मग मॅगझिन काढून ठेवलं की माणसाला वाटतं रायफल खाली झाली, आणि प्रत्यक्षात गोळी नळीत बसलेली असते. सफाईच्या वेळी जीवघेणे अपघात होतात ते अशा चुकीतून. म्हणून मी पुन्हा सांगतो, मॅगझिन आधी. चेंबर डोळ्यांनी बघायचा, आणि अंधार असेल तर करंगळी घालून चाचपायचा. शेजारच्यानं "खाली आहे" म्हटलं तरी आपल्या हातात आल्यावर आपण पुन्हा बघायचं. यात कुणाचा अपमान नाही, आणि कुणी मानूही नये.

खाली करून झालं की सेफ्टी लावायची आणि बॉडी लॉकिंग कॅच दाबायचा. रायफल मॅगझिनच्या मागच्या बिजागरीपाशी बारा बोअरच्या बंदुकीसारखी मोडते. मागं स्लाइडची लांब काडी दिसते. तिला धरून सरळ ओढलं की स्लाइड आणि ब्रीच ब्लॉक एकत्र बाहेर येतात. बॉडी कव्हर मागं सरकवून काढायचं. फायरिंग पिनचं मागचं टोक दाबून ब्रीच ब्लॉक स्लाइडमधून उचलायचा. पुढं, नळीच्या वर, गॅस प्लग असतो. त्याची खुंटी दाबून तो पाव फेरा फिरवायचा. इथं अंगठा प्लगवर ठेवायचा, कारण मागं पिस्टनची स्प्रिंग दाबलेली आहे आणि हात सैल सोडला तर प्लग उडतो. डोळ्याला लागू शकतो, गवतात गेला तर शोधत बसावं लागतं. प्लग निघाला की पिस्टन आणि त्याची स्प्रिंग बाहेर. रोजच्या सफाईला एवढंच उघडायचं. ट्रिगरची यंत्रणा, साइट, गॅस ब्लॉक हे आर्मररचं, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याचं, काम. हौसेनं स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पुढं जाणाऱ्याला तिथंच थांबवावं.

काढलेले भाग क्रमानं, डावीकडून उजवीकडं मांडायचे. जोडताना उलट क्रमानं उचलायचे. पण त्याहून मोठी काळजी वेगळी आहे. एका ताडपत्रीवर दहा-बारा जण सफाईला बसतात, गप्पा चालू असतात, आणि एकाचा ब्रीच ब्लॉक दुसऱ्याच्या स्लाइडमध्ये जातो. दिसायला सगळे सारखेच. पण ब्लॉक बॉडीतल्या खांद्यावर किती घट्ट बसतो, ते माप त्या-त्या रायफलचं वेगळं असतं. अदलाबदल झाली तर कधी ब्रीच पूर्ण बंद होत नाही, कधी ती वाजवीपेक्षा सैल राहते आणि काडतूस फुटण्याचा धोका होतो. म्हणून भागांवर नंबर घातलेले असतात. जोडण्याआधी नंबर वाचायचे. पाठ आहेत म्हणून न वाचता पुढं जायचं नाही.

नळी साफ करायची ती पुल-थ्रूनं. दोरीचं जड टोक चेंबरकडून आत सोडायचं, पुढच्या तोंडातून बाहेर घ्यायचं. सफाईच्या चिंदीचं माप चार बाय दोन इंच. तेल लावायची चिंदी थोडी अरुंद, चार बाय दीड, म्हणजे ती नळीला रगडत नाही आणि तेलाचा पातळ थर मागं राहतो. दोरी सरळ ओढायची. तिरकी ओढली तर ती नळीच्या तोंडाशी घासते आणि वर्षानुवर्षं घासून तिथं खाच पडते. गोळीला दिशा देणारी शेवटची कड तीच. तिथं खाच पडली की नेमबाज कितीही चांगला असो, गोळी भरकटणार.

जुने लोक सांगतात की थ्री नॉट थ्रीच्या नळीत फायरनंतर उकळतं पाणी ओतायचे. ते खरं आहे आणि त्याला पक्कं कारण होतं. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर मिठासारखा क्षार नळीत उरायचा, हवेतली ओल शोषायचा आणि एका रात्रीत गंज धरायचा. तेलानं तो क्षार विरघळत नाही, पाण्यानं विरघळतो. नंतरच्या काडतुसांत ही अडचण उरली नाही, पण कोकणच्या खाऱ्या हवेत आणि घाटावरच्या पावसात ओल आहेच. फायरनंतरचे दोन-तीन दिवस सलग नळी बघायला हवी. पहिल्या दिवशी चकचकीत दिसलेली नळी दुसऱ्या दिवशी काळा घाम सोडते.

पण श्रोतेहो, माझं सगळं लक्ष आहे ते गॅसच्या वाटेवर. नळी सगळेच साफ करतात, कारण अधिकारी नळीला डोळा लावून बघतात. पिस्टनचं डोकं, सिलिंडरची आतली बाजू, प्लगची पोकळी आणि ते बारीक छिद्र कोण बघतं? आणि काजळी धरते ती तिथंच. चुलीवरच्या धुराड्यासारखी थरावर थर. ती घट्ट झाली की पिस्टन अडखळतो, धक्का अपुरा पडतो. स्लाइड पुरती मागं येत नाही, रिकामं काडतूस अर्धवट अडकतं.

इथं एसएलआरची एक सोय आहे, आणि माझ्या मते हीच सोय घात करते. हिला गॅस रेग्युलेटर दिला आहे. जास्तीचा वायू बाहेर सोडणारं तोंड त्यानं कमीजास्त करता येतं. रायफल अडखळली की जवान रेग्युलेटर थोडा बंद करतो, पिस्टनला जास्त वायू मिळतो, रायफल पुन्हा चालू लागते. लढाईत तेच करायला हवं, त्यासाठीच तो दिलाय. पण फायर संपल्यावर, बराकीत परतल्यावर, ती रायफल चालतेय म्हणून तशीच ठेवली जाते. पुढच्या वेळी अजून एक खाच. एक दिवस रेग्युलेटर पूर्ण बंद असतो आणि खाच उरलेली नसते. काजळी मात्र आहे तिथंच. ज्याच्या रेग्युलेटरची जागा महिन्या-महिन्याला सरकते आहे, त्यानं सिलिंडरमध्ये ब्रश घालावा.

आणि तिथं तेल घालू नये. पिस्टन आणि सिलिंडर फायरच्या वेळी कोरडे हवेत. तेल तापून जळतं आणि त्याचीच काजळी होते. खरवडायला ब्लेड किंवा पॉलिश पेपर तर मुळीच नको. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात जेवढी फट ठेवली आहे तेवढीच हवी. घासून ती वाढली की वायू बाजूनं निसटतो, आणि ते कुठल्याही सफाईनं भरून येत नाही. इन्स्पेक्शनसाठी बाहेरचे भाग घासून पांढरे करणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. त्या भागांवरचा काळा थर गंजापासून वाचवणारा असतो, तो मळ नव्हे.

जागेप्रमाणे सफाई बदलते. राजस्थानच्या वाळूत तेलकट स्लाइडवर रेती चिकटते आणि धातू घासला जातो, म्हणून तिथं तेलाचा हात अगदी पुसट. याच आराखड्याच्या रायफली इस्रायलकडे होत्या. वाळू आणि धुळीत त्यांनी इतका त्रास दिला की १९६७च्या युद्धानंतर इस्रायलनं गॅलील ही स्वतःची रायफल घडवली. बर्फातल्या चौकीवर अडचण वेगळी. थंडीनं तेल दाट होतं. शिवाय बाहेरची गार रायफल ऊबदार बंकरमध्ये आणली की तिच्यावर दव धरतं, आणि पुन्हा बाहेर नेली की त्याचा बर्फ होतो.

सफाईची हेळसांड केवढी महाग पडते, हे अमेरिकेनं व्हिएतनाममध्ये भोगलं. १९६५ नंतर त्यांच्या जवानांना एम-१६ ही नवी रायफल मिळाली. हिला फारशी सफाई लागत नाही असा समज पसरला होता आणि अनेक तुकड्यांना सफाईचं सामानच पुरेसं दिलं गेलं नाही. त्यात काडतुसातली दारू बदलली, तिची काजळी जास्त धरू लागली. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, त्या दमट जंगलात तो गंजू लागला. रिकामी काडतुसं चेंबरमध्ये रुतून बसायची आणि जवान शत्रूसमोर लांब सळई नळीत ठोकून ती काढायचे. माणसं त्या अवस्थेत मेली. १९६७ साली अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीनं चौकशी करून लष्करी व्यवस्थेवर कडक ताशेरे ओढले. मग क्रोमचा मुलामा आला, सफाईचं सामान आलं आणि जवानांना सहज कळावी म्हणून चित्रकथेच्या रूपातली पुस्तिकाही निघाली. मला त्या गोष्टीतली सर्वांत संतापजनक बाब हीच वाटते की दोष जवानाच्या आळसाचा नव्हता. त्याच्या हातात ब्रशच दिला नव्हता.

आपल्याकडं खोलजोडीच्या स्पर्धा होतात. डोळ्यांवर पट्टी, बाजूला घड्याळ. अंधारात भाग ओळखता यावेत म्हणून हा सराव उत्तम. पण घड्याळ जोडणी मोजतं, तपासणी मोजत नाही. जोडताना पाहायच्या गोष्टी घाईत सुटतात. पिस्टनची स्प्रिंग नीट बसली का? गॅस प्लगची खुंटी टक् करून जागेवर आली का? प्लग अर्धवट फिरलेला राहिला तर पहिल्या फायरमध्येच तो सुटतो. ब्रीच ब्लॉकमध्ये फायरिंग पिन आहे ना? बॉडी मिटताना स्लाइडची काडी बटच्या छिद्रात सरळ गेली पाहिजे. अडली तर जोर करायचा नाही. पुन्हा उघडून काडी सरळ करायची.

बॉडी मिटली की मॅगझिन न लावता, नळी सुरक्षित दिशेला धरून चाचणी. दोन-तीनदा कॉक करून सोडायचं, स्लाइड न अडखळता पुढं यायला हवी. घोडा ओढायचा, खट् आवाज यायला हवा. पुन्हा कॉक करून सेफ्टी लावायची आणि घोडा दाबायचा, आता काहीही वाजता कामा नये. वाजलं, तर ती रायफल कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या कोठारात, टांगायची नाही. तिला चिठ्ठी लावून त्याच दिवशी आर्मररकडं द्यायची आणि रजिस्टरमध्ये नंबरासकट नोंद करायची.

नमस्कार.