आडवा स्वेटर

यावल तालुक्यातलं एक गाव. मागे सातपुडा, पुढे नजर जाईल तिथवर केळी. थंडीचा कडाका वाढला की केळीची वाढ खुंटते, पानं पिवळी पडतात. मग रात्री बांधाबांधानं काडीकचरा पेटवून बागेत धूर कोंडायचा आणि विहिरीचं कोमट पाणी सोडायचं. शेताची लाईट रात्रपाळीची असली, तर पाणी धरणारा पहाटेपर्यंत घरी येत नाही.

अशाच एका पुतण्यासाठी मावशी ओट्यावर स्वेटर विणताहेत. तो ढगळ असायला हवा. शर्टावरून चढला पाहिजे, फावडं मारताना काखेत ओढायला नको. सासूबाई मघापासून बघताहेत.

"आडवं काहून इनू राह्यली वं?"

बरोबर ओळखलं त्यांनी. एरवी स्वेटर खालच्या पट्टीपासून वर चढतो. हा डाव्या मनगटापासून निघालाय आणि उजव्या मनगटावर थांबणार. बाही हळूहळू रुंद करत 72 टाक्यांवर आणली, मग दोन्ही बाजूंना 72-72 टाके नव्यानं घातले. आता तारेच्या लांब सुईवर 216 टाके आहेत: निम्मे पोटाचे, निम्मे पाठीचे. इथून सगळं माप फिरतं. टाके लांबी ठरवतात, ओळी रुंदी.

मावशींनी आधी विणून पाहिलेल्या नमुन्याच्या तुकड्यात 4 इंचांत 18 टाके आणि 24 ओळी बसतात. पुतण्याची छाती 38, स्वेटर 48 चा. म्हणजे पुढची बाजू 24 इंच, ओळी 144. पहिल्या 48 एका खांद्याच्या, मधल्या 48 गळ्याच्या, उरलेल्या दुसऱ्या खांद्याच्या. गळ्यापाशी टाके मधोमध वाटून पुढचा-मागचा भाग वेगळा विणायचा, गळा संपला की पुन्हा एका सुईवर आणायचा.

आता वेणी. जवळून पाहा. आठ टाक्यांपैकी पहिले चार आखूड तिसऱ्या सुईवर उतरवले आणि पुढे लोंबते सोडले. पलीकडचे चार आधी सुलट विणले, मग लोंबणारे. पीळ डावीकडे झुकला. लोंबते टाके मागे ठेवले असते तर उजवीकडे झुकला असता. पुढच्या सात ओळी साध्या, मग परत पीळ. दोन्ही कडांना उलट टाके सोडले की वेणी उठून दिसते. आडव्या विणीत ती छातीवर आडवी धावते. खांद्याच्या रेषेवर मात्र घ्यायची नाही, गळा तिला मधूनच फाडतो.

अशा वेण्यांचे स्वेटर आयर्लंडजवळच्या अरान बेटांमुळे जगभर गेले. बुडालेला कोळी तिथं स्वेटरच्या नक्षीवरून ओळखला जायचा, असं रंगवून सांगतात. ती दंतकथाच.

वेणी टाके आवळते, म्हणून नमुना वेणीसकटच विणायचा. साध्या विणीवरून हिशोब केला तर इथं आखूड होतो तो स्वेटरचा घेर नव्हे, लांबी. आणि विणलेलं कापड टाक्यांच्या दिशेनं जास्त ताणतं. ती दिशा इथं उभी आहे, त्यात वेण्यांचं वजन. म्हणून मावशींनी नमुना भिजवला, खाली चिमटे लावून दोरीवर टांगला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टेप लावला.

लोकर खरी घेतली, हेही बरं केलं. अ‍ॅक्रिलिक स्वस्त पडतं, धुवायला सोपं. पण शेकोटीची ठिणगी पडली की वितळून अंगाला चिकटतं. लोकर धुमसते आणि विझते.

दुसऱ्या बाजूचे 72-72 टाके बंद झाले की उजवी बाही उतरती. मग दोन शिवणी, कंबरेला आणि गळ्याला टाके उचलून एक सुलट, एक उलट अशी पट्टी. धुतल्यावर बाजेवर पसरून वाळवायचा, खुंटीला कधीच टांगायचा नाही. पुतण्या तो मोटारीच्या खोलीत खिळ्यालाच अडकवणार, हे मावशींना पक्कं ठाऊक आहे. म्हणून लांबी त्यांनी आधीच दोन इंच कमी धरलीय.