इलेक्ट्रिशियन की शिक्षक: हातात जास्त कोणाच्या पडतं?

नमस्कार. "इलेक्ट्रिशियन मास्तरपेक्षा जास्त कमावतो," असं हल्ली सारखं ऐकू येतं. असेलही तसं. पण बहुतेक जण एकाचा तासाचा दर आणि दुसऱ्याचा महिन्याचा पगार शेजारी ठेवून मोकळे होतात, आणि तिथेच हिशोब चुकतो.

आधी तासाचा दर बघू. समजा, स्वतःची कामं घेणारा इलेक्ट्रिशियन तासाला १०० घेतो. दिवस ८ तासांचा, पण पैसे मिळणारे तास धरा ५. बाकीचे जातात ये-जा करण्यात, सामान आणण्यात, कोटेशन देण्यात, थकलेल्या बिलासाठी फोन करण्यात. म्हणजे ८०० नाही, ५०० आले. त्यातूनच गाडी, ड्रिल मशीन, मल्टिमीटर, विमा. आजारी पडला तर त्या दिवशी शून्य. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथनं १७७६ सालीच हे मांडलंय: कडाक्याच्या थंडीत गवंड्याला काम करता येत नाही, म्हणून कामाच्या दिवसाच्या मजुरीतूनच रिकाम्या दिवसांचा खर्च निघायला हवा.

आता शिक्षक. ४० मुलांचा वर्ग, एक निबंध तपासायला ५ मिनिटं. २०० मिनिटं झाली! तीन तास वीस मिनिटं, तीही घरी, रात्रीची. वेळापत्रकात ती कुठेच नसतात. पण नोकरी कायम असेल तर सुट्टीतला पगार, ठरलेली वेतनवाढ, निवृत्तीनंतरची सोय, हेही त्याच्या बाजूनं मोजायलाच हवं.

वयाचाही फरक पडतो. अप्रेंटिस शिकता शिकता स्टायपेंड घेतो, तर भावी शिक्षक तेव्हा पदवीची फी भरत असतो. त्यामुळे पहिली काही वर्षं कारागीर पुढे असतो. पुढे मात्र शरीर कुरकुरायला लागतं. वेल्डरचंच बघा: डोक्यावरचा जोड वेल्ड करताना मान मागे, हात वर, आणि ठिणग्या कॉलरमधून आत. पन्नाशीत हे रोज जमत नाही. तोवर सुपरवायझर किंवा ठेकेदार झाला नाही, तर कमाई उतरते. शिक्षकाचा पगार नेमका त्याच वयात सगळ्यात वर असतो.

माझं मत विचाराल तर इलेक्ट्रिशियनला जास्त मिळतं ही तक्रारच चुकीची आहे. त्याचं कसब आहे, जोखीम त्याची आहे, चुकीच्या जोडणीनं घर पेटू शकतं. शिक्षकाची तुलना करायची तर तेवढंच शिकलेल्या इतर नोकरदारांशी करा. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या बहुतेक देशांत शिक्षक त्यांच्यापेक्षा कमी कमावतात. मागणी वाढली की इलेक्ट्रिशियन पुढच्या कोटेशनमध्ये दर वाढवतो. शिक्षकाचा आकडा कुणाच्या तरी बजेटमध्ये ठरतो.

सगळ्यात वाईट अवस्था तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाची. कारागिरासारखे रिकामे दिवस त्याच्याच खिशातून, सुट्टीत पगार नाही, वह्या तपासायचे पैसे नाहीत. आणि दर ठरवायचा हक्कही नाही. पगाराची तुलना करताना हा माणूस कुठल्याच रकान्यात धरला जात नाही, याचा मला खरंच राग येतो.