फाटकाचा मालक आणि फोटोचा मालक

मंडळी, पत्रिकेत विषय भारदस्त छापलाय: 'क्रीडास्पर्धांतील छायाचित्रांचे स्वामित्वहक्क'. तो मी दिलेला नाही. मी फोनवर एवढंच म्हणालो होतो, "फोटो कोणाचा, यावर बोलतो." मिळालेल्या पाऊण तासातली दहा मिनिटं माझी ओळख करून देण्यात गेली. ओळख ऐकून या गृहस्थांना एकदा भेटायला हवं असं मलाही वाटलं.

सुरुवात तक्रारीने करतो. एका शर्यतीचे फोटो काढायला गेलो होतो. कोणी बोलावलं नव्हतं, कोणाकडून पैसे घेतले नव्हते. रस्त्याच्या कडेला, दोरीच्या अलीकडे उभा होतो. शेवटच्या वळणावर एक बाई आल्या. एका पायात बूट, दुसरा हातात, आणि चेहरा असा की हसतायत की रडतायत ते त्यांनाही सांगता आलं नसतं. फ्रेम मिळाली. तुमच्यातले कॅमेरेवाले जाणतात, अशी फ्रेम मिळाली की मागच्या स्क्रीनवर बघायचा धीर होत नाही.

पुढच्या वर्षी त्याच शर्यतीच्या फलकावर माझा फोटो. हातातला बूट तेवढा कापलेला. का? तर प्रायोजक बूटवाले होते! बूट काढून पळणारी बाई त्यांना कशी चालणार? आयोजकांना जाऊन विचारलं, तर उत्तर तयार होतं : "शर्यत आमची, रस्ता आम्ही बंद करून घेतलेला, बाईंच्या छातीवर नंबर आमचा. मग फोटो तुमचा कसा?" मला तिथे काही सुचलं नाही. रात्री अंथरुणावर सुचलं, आणि तेव्हापासून जो भेटेल त्याला मी ते ऐकवत असतो. आज तुमची पाळी.

माझ्या उत्तराची सुरुवात कुत्र्यांपासून होते. हसू नका. १९१६ साली इंग्लंडमध्ये कुत्र्यांच्या एका प्रदर्शनावरून खटला झाला. भरवणाऱ्या संस्थेने फोटो काढण्याचे सगळे हक्क एका वृत्तछायाचित्र कंपनीला विकले. कंपनी निर्धास्त. पण दुसराच एक फोटोग्राफर रीतसर आत गेला, त्याने फोटो काढले आणि ते 'अवर डॉग्ज' या नियतकालिकाने छापले. कंपनी कोर्टात धावली : हक्क आम्ही विकत घेतलेत, यांना थांबवा. कोर्टाने विचारलं, हक्क घेतलेत ते ठीक, पण विकणाऱ्याकडे ते होते कुठे? डोळ्यांसमोर चाललेला देखावा ही काही कोणाची मालमत्ता नाही. संस्थेला फोटो नको असतील तर तशी अट घालूनच तिने लोकांना आत सोडायचं. ती अट घालायची राहून गेली होती. पुढच्या वर्षी अपील कोर्टानेही हेच धरलं. माझं तर म्हणणं आहे, खेळाच्या फोटोंचा अर्धा कायदा त्या कुत्र्यांनी करून ठेवलाय. माणसांनी नुसती भर घातली.

भर कशी, तेही ऐका. ऑस्ट्रेलियात घोड्यांच्या रेसकोर्सशेजारी टेलर नावाचे गृहस्थ राहत. त्यांनी अंगणात माचा उभारू दिला आणि रेडिओवाल्याने तिथे चढून शर्यतीचं धावतं वर्णन सुरू केलं. रेसकोर्सचा मालक भडकला. १९३७ साली तिथल्या हायकोर्टाने, तीन विरुद्ध दोन अशा मतांनी, सांगितलं : देखाव्यावर मालकी नसते, त्रास होत असेल तर कुंपण उंच करा. इतका व्यवहारी न्याय मी दुसरा वाचलेला नाही. आणि २०११ मध्ये युरोपच्या न्यायालयाने तर फुटबॉलचा सामना ही 'कलाकृती' नाही असंच म्हटलं, कारण खेळ नियमांनी बांधलेला, निर्मितीच्या स्वातंत्र्याला तिथे जागा नाही. माझ्या एका फुटबॉलवेड्या मित्राला मी हे वाचून दाखवलं. त्याने दोन दिवस माझा फोन घेतला नाही.

म्हणजे आयोजकाच्या हातात काय राहिलं? फाटक. आत कोणाला, कोणत्या अटीवर सोडायचं, एवढंच. पण ही ताकद लहान समजू नका. २०१० मध्ये इंग्लंडच्या साउथहॅम्प्टन फुटबॉल क्लबने बाहेरच्या फोटोग्राफरांना मैदानबंदी केली, तर प्लिमथच्या वर्तमानपत्राने व्यंगचित्रकाराकडून सामना काढून घेऊन छापला! २०१२ मध्ये इंग्लंडच्या भारत दौऱ्यात बीसीसीआयने काही फोटो एजन्सींना प्रवेश नाकारला, तेव्हा मोठ्या वृत्तसंस्थांनी...

बरं, चिठ्ठी आली. 'सात मिनिटे.' मुख्य विषय अजून उघडलाच नाही, क्षमा असावी. भराभर सांगतो.

फोटोचा पहिला मालक साधारणपणे तो काढणारा. अपवाद पहिला : नोकरीत असाल, कामाचा भाग म्हणून काढला असेल, तर बहुधा नोकरी देणाऱ्याचा. दुसरा जास्त फसवा. भारताच्या १९५७ च्या कायद्यात कलम १७ म्हणतं, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढलात, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक तो सांगणारा. इंग्लंडमध्ये १९५६ च्या कायद्यात साधारण असंच होतं. १९८८ च्या कायद्याने ते उलटवलं. म्हणून पैसे घेण्याआधी दोन ओळी लिहून घ्या. मी शर्यतीत पैसे घेतले नव्हते, म्हणून तो फोटो माझा. निदान अंथरुणावर तरी.

मैदानात प्रेसपास घेऊन जाता, तेव्हा एक फॉर्म भरता. त्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं : फोटो बातमीपुरते वापरा, जाहिरातीला देऊ नका, कधीकधी तर आम्हालाही फुकट वापरू द्या. हे कॉपीराइटमधून येत नाही. सही तुम्ही केलीत, म्हणून ते लागू होतं. आणि टीव्हीवरच्या प्रक्षेपणातून उचललेली चौकट तुमची नाही. तिथे कॅमेरा दुसऱ्याचा.

तिसरा माणूस खेळाडू. १९५३ मध्ये अमेरिकेत च्युइंगगमबरोबर वाटायच्या बेसबॉलपटूंच्या फोटोंवरून दोन कंपन्या भांडल्या, आणि कोर्टाने मान्य केलं की आपल्या चेहऱ्याच्या जाहिरातमूल्यावर खेळाडूचा स्वतंत्र हक्क आहे. म्हणजे फोटो माझा असला तरी त्या बाईंना न विचारता तो बूट विकायला मलाही देता येणार नाही. सगळीकडे हा नियम सारखा नाही, पण रोख हाच.

आणि एकाच क्षणाचे दोन मालक? असू शकतात. १९६५ मध्ये बॉक्सिंगच्या लढतीत सनी लिस्टनला पाडून त्याच्यावर ओरडणारा मुहम्मद अली फोटोग्राफर नील लायफर यांनी टिपला, तोच क्षण एपी या वृत्तसंस्थेचे जॉन रूनी यांनीही टिपला. दोन फोटो, दोन वेगळे हक्क. लायफर यांच्या फोटोत तर अलीच्या पायांमधून समोरच्या बाजूचा फोटोग्राफरही दिसतो. क्षण त्याच्याही डोळ्यांसमोरच घडला, फक्त अलीची पाठ त्याच्याकडे होती.

त्या बाई पुढे मला भेटल्या. मी हे सगळं त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते तुमचं तुम्ही बघा हो. बूट का कापला, ते सांगा."

अध्यक्ष उठलेच आहेत. तिकिटावरच्या अटी आणि मोबाइलचा मुद्दा राहिला, तो प्रश्नोत्तरांत विचारा.