कोणती ओळ कोणाला? स्कोअर वाचणाऱ्या कंडक्टरचे प्रश्न

बीथोवनच्या पाचव्या सिम्फनीची सुरुवात ऐकली नाही असं इथे कोणी नसेल. तीन आखूड स्वर, मग एक लांब. पण स्कोअरचं, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक छापलेल्या वहीचं, पहिलं पान उघडा. सगळ्यात आधी छापलेला आहे तो स्वर नाही, ती रेस्ट आहे. गप्प बसण्याची खूण. श्रोत्याला ती कधी ऐकू येत नाही, ऑर्केस्ट्राला हातानं लय देणाऱ्या कंडक्टरला मात्र तिथेच घाम फुटतो.

हिशोब सोपा आहे. १८१७ साली बीथोवननं आपल्या सिम्फनींना मेट्रोनोमचे, म्हणजे मिनिटाला किती ठोके याचे, आकडे दिले. या मूव्हमेंटचा, म्हणजे सिम्फनीच्या या पहिल्या भागाचा, आकडा १०८, आणि एका बारला, म्हणजे लयीच्या एका छोट्या आवर्तनाला, एक ठोका. म्हणजे अख्खा बार अर्ध्या सेकंदाहून जेमतेम मोठा, आणि ही रेस्ट त्याचा पाव हिस्सा: सेकंदाचा साधारण सातवा भाग. माझा हात खाली येतो तेव्हा काहीच वाजायचं नाही, आणि लगेच पुढच्या क्षणी सगळ्या तंतुवाद्यांनी आणि दोन क्लॅरिनेटनी एकदम उडी मारायची. शिकाऊ होतो तेव्हा मी घाबरून हात दोनदा हलवला. अर्ध्या व्हायोलिननी पहिली हालचाल धरली, अर्ध्यांनी दुसरी. जिन्यावरून भांडी गडगडावीत तसं काहीतरी वाजलं. मागून एका व्हियोलावादकानं अगदी शांतपणे विचारलं, "यातला खरा कोणता धरायचा?"

तेव्हापासून माझं विश्लेषण त्याच प्रश्नानं सुरू होतं. हा चार स्वरांचा आकृतिबंध पुढे कुठे कुठे येतो, कुठल्या स्वरात जातो, हे अभ्यासकांनी भरभरून लिहिलंय आणि ते मीही वाचतो. पण मला आधी कळायला हवं की इथे माझ्या हाताकडे कोण बघतंय आणि त्याला काय हवंय.

आता दोन पावलं पुढे या. दुसऱ्या बारमध्ये लांब स्वरावर फर्माटा आहे, म्हणजे हवं तितकं थांबा. पुन्हा तीन आखूड स्वर, पुन्हा लांब स्वर, पुन्हा फर्माटा. पण हा दुसरा लांब स्वर दोन बारांचा आहे आणि फर्माटा त्यातल्या दुसऱ्या बारवर आहे. हा जादा बार बीथोवननं मागाहून घातला. थांबायचंच आहे, मोजायचं काहीच नाही, तर एक बार काय आणि दोन काय? माझं उत्तर असं की दुसरी थांबणी पहिलीपेक्षा लांब हवी, हे त्याला कागदावर बजावायचं होतं. म्हणून पहिल्या फर्माट्यावर मी हात लवकर सोडतो, दुसऱ्यावर एक ठोका स्पष्ट देतो आणि मग थांबतो. दोन्ही सारखे ताणणारेही आहेत. मला ते पटत नाही.

स्कोअरच्या पानाची मांडणी पटकन सांगतो. वर लाकडी सुषिर वाद्यं, मग पितळी, मग टिम्पनी म्हणजे मोठे नगारे, तळाशी तंतुवाद्यं. क्लॅरिनेट आणि हॉर्नचं लिहिलेलं वेगळं, ऐकू येणारं वेगळं. डबल बेस लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली. सरावाची गोष्ट आहे. खरी अडचण अशी की पानावर सगळ्या ओळी सारख्याच ठसठशीत दिसतात. डोळा वरच्या ओळीवर जातो, कारण ती वर आहे. आणि रिकाम्या ओळी तर डोळा बघतच नाही. याच सिम्फनीत ट्रॉम्बोन या पितळी वाद्याचे तीन वादक तीन मूव्हमेंट नुसते बसून असतात आणि चौथीच्या पहिल्याच ठोक्याला त्यांना पूर्ण जोरात वाजवायचं असतं. त्याच्या आधी दबक्या आवाजातला टिम्पनीचा लांब पूल आहे. त्या पुलावर मी टिम्पनीकडे फारसा बघत नाही, तो माणूस कामात असतो. मी ट्रॉम्बोनकडे बघतो.

कधी कधी तर वरची ओळ चक्क फसवते. चायकॉव्हस्कीच्या सहाव्या सिम्फनीची शेवटची मूव्हमेंट घ्या. सुरुवातीला व्हायोलिनवर उतरत जाणारी जी कळवळती धून ऐकू येते ती कोणीच वाजवत नाही. व्हायोलिनवाल्यांचे दोन गट असतात, पहिले आणि दुसरे; एक स्वर पहिल्या व्हायोलिनकडे, पुढचा दुसऱ्यांकडे, असा आळीपाळीनं वाटलाय. कुठलीही एक ओळ सुटी वाजवा, वेडीवाकडी उड्या मारणारी निघते. तीच धून पुढे परत येते तेव्हा मात्र सरळ पहिल्या व्हायोलिनला दिलेली आहे. हे स्कोअरमध्ये दिसलं की वादकांना कसं बसवायचं हा प्रश्न संगीताचा होतो. दोन्ही व्हायोलिन एका बाजूला बसवली तर वाटणी कानाला कळतच नाही. समोरासमोर बसवली तर धून रंगमंचावर इकडून तिकडे हेलकावते. मी समोरासमोर बसवतो.

आता 'बसून' (bassoon) या खालच्या पट्टीच्या लाकडी सुषिर वाद्याकडे येतो, कारण माझ्या पेन्सिलीच्या सगळ्यात जास्त खाडाखोडी त्याच्याच ओळीवर आहेत. पाचव्या सिम्फनीच्या पहिल्या मूव्हमेंटमध्ये दुसरा विषय, म्हणजे दुसरी मुख्य धून, सुरू होण्याआधी हॉर्न एक ललकारी देतात. पुढे तीच ललकारी परत येते ती सी मेजर या वेगळ्या पट्टीत, आणि बसूनवर. वाल्व्ह, म्हणजे स्वर बदलायच्या कळा, नसलेल्या तेव्हाच्या ई फ्लॅट पट्टीच्या हॉर्नवर ते स्वर खणखणीत निघाले नसते. आज निघतात, म्हणून कित्येक कंडक्टरांनी ती जागा बिनदिक्कत हॉर्नला देऊन टाकली. मी बसूनच ठेवतो. त्यांचा आवाज थोडा तोकडा पडतो, ओरडायला गेलेल्या माणसाचा घसा बसावा तसा, आणि मला तो तिथे हवा आहे.

असं म्हणून मी मोठा तत्त्वनिष्ठ ठरतो खरा. पण चायकॉव्हस्कीच्या त्याच सहाव्यात, पहिल्या मूव्हमेंटच्या मध्यावर, क्लॅरिनेटची धून विझत विझत जाते आणि तिचं शेपूट बसूनला दिलंय. खाली सहा पी लिहिलेत; एक पी म्हणजे हळू, जितके पी जास्त तितकं आणखी हळू. सहा! आणि पुढच्याच ठोक्याला अख्खा ऑर्केस्ट्रा अंगावर कोसळतो. इतक्या खालच्या पट्टीत बसून इतका हळू वाजत नाही, रीड, म्हणजे फुंकायची पातळ काडी, घरघरते. तिथे बहुतेकजण बास क्लॅरिनेट वापरतात. त्या पानावर माझ्या अक्षरात 'बास क्लॅ.' असं लिहिलंय, ते एकदा खोडलंय, आणि त्याच्या बाजूला पुन्हा लिहिलंय.