अठ्ठेचाळीस गोल करूनही बुडालेला संघ

मित्रहो, आज मला एका गुणतक्त्याबद्दल बोलायचं आहे. इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या सर्वोच्च श्रेणीचा, म्हणजे इंग्लिश प्रीमियर लीगचा, २०११-१२चा गुणतक्ता. त्या वर्षाचं नाव काढलं की सगळ्यांना वरच्या दोन ओळी आठवतात. मँचेस्टर सिटी आणि मँचेस्टर युनायटेड, दोघांचे ८९ गुण, शेवटच्या दिवशी भरपाई वेळेत सिटीच्या अगुएरोने मारलेला गोल आणि गोलफरकावर, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले गोल यावर, ठरलेलं विजेतेपद. मी तुम्हाला खाली नेणार आहे, एकोणिसाव्या ओळीवर. ब्लॅकबर्न रोव्हर्स. ३८ सामने, ८ विजय, ७ बरोबरी, २३ पराभव, ३१ गुण. वीस संघांतले तळाचे तीन दरवर्षी खालच्या श्रेणीत जातात. त्या वर्षी बोल्टन, ब्लॅकबर्न आणि वुल्व्हज गेले.

पुण्यात बसून ब्लॅकबर्नची चिंता का करायची, हे सांगायला हवं. नोव्हेंबर २०१० मध्ये हा क्लब कोंबड्यांच्या व्यवसायातल्या आपल्या पुण्याच्या व्यंकीज समूहाने घेतला, २ कोटी ३० लाख पाउंडांना, वर क्लबवरचं कर्ज. प्रीमियर लीगमधला क्लब पहिल्यांदाच भारतीय मालकीचा झाला. मला त्या बातमीचा मनापासून आनंद झाला होता. त्यामुळे पुढच्या दीड वर्षात जे घडलं ते लांबून बघून सोडून देण्यासारखं मला कधीच वाटलं नाही.

आधी गावाबद्दल थोडं. ब्लॅकबर्न लँकेशरमध्ये, मँचेस्टरच्या वायव्येला. वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. एके काळी तिथल्या मागांवर हिंदुस्थानच्या बाजारासाठी धोतरं विणली जात. तिथले माग बंद पडण्यात आपल्याकडच्या बहिष्काराचाही वाटा होता, आणि १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी मुद्दाम शेजारच्या डार्वेनला जाऊन गिरणी कामगारांना भेटले. त्या भेटीतला, हसणाऱ्या कामगार बायकांमध्ये उभ्या असलेल्या गांधीजींचा फोटो तुम्ही पाहिला असेल. गिरण्या गेल्या. फुटबॉल राहिला. क्लब १८७५चा. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी एक. एफए कप, म्हणजे इंग्लंडचा बाद फेरीचा चषक, सहा वेळा. लीगचं विजेतेपद तीन वेळा, त्यांतलं शेवटचं १९९५चं. ते विजेतेपद जॅक वॉकर या तिथल्याच पोलाद व्यावसायिकाच्या पैशावर, व्यवस्थापक (म्हणजे मुख्य प्रशिक्षक) केनी डॅलग्लिश यांच्या हाताखाली आणि स्ट्रायकर शिअररच्या ३४ गोलांवर आलं. वॉकर २००० साली गेले. त्यांच्या विश्वस्तांनी पुढे दहा वर्षं क्लब सांभाळला आणि मग खरेदीदार शोधला.

आता माझा मुख्य मुद्दा. एवढ्याशा गावाच्या क्लबने प्रीमियर लीगमध्ये दरवर्षी दहाव्या-पंधराव्या क्रमांकावर राहणं ही मोठी कारागिरी आहे. आपण विजेत्यांचं कौतुक करतो, पण तेराव्या क्रमांकाचं कौतुक कोणी करत नाही. तिथे पैसा कमी असतो, चांगला खेळाडू तयार झाला की मोठा क्लब त्याला उचलतो, आणि पाच सामने वाईट गेले की पायाखालची जमीन सरकते. अशा ठिकाणी कोणता खेळाडू कधी विकायचा, कोणाला थांबवायचं, डिसेंबरच्या चिखलात एक गुण कसा ओरबाडायचा, हे ठाऊक असलेली माणसं हीच क्लबची खरी मालमत्ता असते. ब्लॅकबर्नकडे ती माणसं होती. मैदानाबाहेर अध्यक्ष जॉन विल्यम्स, बाकावर व्यवस्थापक सॅम ॲलर्डाइस, मैदानात बचावाच्या मध्यावर कर्णधार रायन नेल्सन आणि त्याच्या शेजारी क्रिस सांबा.

ॲलर्डाइस यांच्या खेळाला लोक नावं ठेवत. उंच चेंडू, धक्काबुक्की, कॉर्नरवर गोल. देखणं काही नाही. पण १३ डिसेंबर २०१० रोजी त्यांना काढलं तेव्हा संघ तेरावा होता. नव्या मालकांना त्याहून वर जायचं होतं, देखणा फुटबॉल हवा होता, रोनाल्डिन्योला आणण्याचेही प्रयत्न झाले. मोठं स्वप्न पाहण्यात मला काही गैर दिसत नाही. वॉकर यांनीही तेच पाहिलं होतं. पण वॉकर यांनी आधी डॅलग्लिश यांना आणलं, ज्यांनी लिव्हरपूलला लीग जिंकून दिली होती. इथे ॲलर्डाइस यांच्या जागी आले त्यांच्याच हाताखालचे प्रशिक्षक स्टीव्ह कीन. त्यांनी याआधी मुख्य व्यवस्थापक म्हणून एकही संघ चालवला नव्हता. फेब्रुवारी २०११ मध्ये विल्यम्सही गेले. त्या हंगामात संघ शेवटच्या दिवशी वुल्व्हजला त्यांच्या मैदानावर ३-२ हरवून वाचला आणि पंधरावा आला. इशारा स्पष्ट होता.

त्याच उन्हाळ्यात फिल जोन्स मँचेस्टर युनायटेडला गेला. एकोणीस वर्षांचा, क्लबच्याच अकादमीत वाढलेला बचावपटू. त्याला थांबवणं कोणालाच जमलं नसतं, हे मान्य. पण मग बचावाची बाकीची भिंत जपायला हवी होती. जानेवारी २०१२ मध्ये दुखापतींनी बेजार झालेला नेल्सन टॉटनहॅमला गेला. फेब्रुवारीत सांबा रशियातल्या अँझी माखाचकालाला गेला. आठ-नऊ महिन्यांत तीन बचावपटू, तिघेही ज्यांच्याभोवती बचाव उभा राहतो असे.

याचा परिणाम आकड्यांत बघा, कारण मला तो सगळ्यात जास्त टोचतो. ब्लॅकबर्नने त्या हंगामात ४८ गोल केले. आठव्या आलेल्या लिव्हरपूलने ४७ केले होते. स्टोकने ३६, ॲस्टन व्हिलाने ३७, विगनने ४२, क्यूपीआरने ४३, आणि हे सगळे वाचले. एकट्या याकुबूने लीगमध्ये १७ गोल मारले. बुडणाऱ्या संघात असा स्ट्रायकर सहसा नसतो. पण खाल्ले किती? ७८. त्याहून जास्त फक्त वुल्व्हजने खाल्ले.

म्हणून हा हंगाम वरवर चमत्कारिक दिसतो. सप्टेंबरमध्ये आर्सेनलला घरच्या मैदानावर, ईवुड पार्कवर, ४-३ हरवलं. ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशी सिटीकडून ०-४ मार खाल्ला, आणि त्याच आठवड्यात संघ विमानात बसून आपल्याकडे आला, बालेवाडीत पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळायला. पुण्याच्या फुटबॉलप्रेमींना त्याचा आनंद होणं साहजिक होतं. पण तळाशी झगडणाऱ्या संघाला मधल्या दोन आठवड्यांच्या सुट्टीत सराव हवा असतो, हा प्रवास नको असतो. माझं मत मी स्पष्ट सांगतो: ती सहल चुकीच्या वेळी झाली.

डिसेंबरमध्ये स्वान्सीविरुद्ध याकुबूने एकट्याने चार गोल केले. मग बोल्टनकडून घरीच पराभव. स्टँडमधून कीन यांच्याविरुद्ध घोषणा तर आधीपासूनच होत होत्या, त्या रात्री त्यांचं स्वरूप फार कडवट झालं. मला चाहत्यांचा राग कळतो. शंभर वर्षं पिढ्यान् पिढ्या एकाच स्टँडमध्ये बसणाऱ्या लोकांचा तो राग होता, आणि ऐकून घ्यायला गावात कोणी उरलं नव्हतं. निर्णय घेणारे पुण्यात. मग जो समोर उभा दिसतो त्याच्यावर सगळं निघतं. कीन त्या पदासाठी तयार नव्हते, हे खरं. पण दर आठवड्याला हजारोंच्या तोंडून आपली हकालपट्टी मागितली जात असताना त्यांनी ज्या चिकाटीने काम केलं, ते मला कमी लेखवत नाही.

आणि मग ३१ डिसेंबर. मँचेस्टर युनायटेडचं मैदान, ओल्ड ट्रॅफर्ड. त्यांचे व्यवस्थापक ॲलेक्स फर्ग्युसन यांचा सत्तरावा वाढदिवस. ब्लॅकबर्न तळाला. याकुबूने दोन मारले, बर्बाटोव्हने दोन परत केले. ऐंशीव्या मिनिटाला ब्लॅकबर्नला कॉर्नर मिळाला, गर्दीत गोलरक्षक डी हेआच्या हाती चेंडू लागला नाही आणि वीस वर्षांच्या ग्रँट हॅन्लीने डोक्याने तो आत ढकलला. २-३. युनायटेडने मे महिन्यात विजेतेपद गोलफरकावर गमावलं. म्हणजे त्या दुपारी एक गुण जरी वाचवला असता तरी अगुएरोचा गोल निरर्थक ठरला असता. इंग्लंडचा विजेता ठरवण्यात ब्लॅकबर्नचा एवढा वाटा आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही.

पाच आठवड्यांनी याच संघाने आर्सेनलकडून ७-१ मार खाल्ला.

मार्चमध्ये तरीही आशा होती. वुल्व्हज २-०, संडरलंड २-०. नऊ सामने शिल्लक, २८ गुण. त्या नऊपैकी आठ हरले. यांतला एक सामना मी तुम्हाला जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात सगळं आहे. १० एप्रिल, ईवुड पार्क, समोर लिव्हरपूल. पहिल्या पंधरा-सोळा मिनिटांत मॅक्सी रॉड्रिगेझने दोन मारले, दोन्ही वेळा बचाव फाटलेला. मग लिव्हरपूलचा गोलरक्षक डोनी याला लाल कार्ड मिळालं आणि पेनल्टी. मुख्य गोलरक्षक रैना आधीच निलंबित, त्यामुळे तिसऱ्या पसंतीचा ब्रॅड जोन्स थंड अंगाने मैदानात आला. याकुबूचा फटका हलका गेला, जोन्सने अडवला. तरी याकुबूने हार मानली नाही. आधी एक गोल परत केला, दुसऱ्या पेनल्टीवर बरोबरी साधली. दहा जणांच्या लिव्हरपूलसमोर २-२. अशा वेळी जुना ब्लॅकबर्न काय करायचा? चेंडू उंच मारून आपल्या गोलसमोरची जागा रिकामी ठेवायचा आणि निदान एक गुण घरी न्यायचा. भरपाई वेळेत अँडी कॅरोलने हेडर मारला. २-३. अशा हेडरसमोर उभं राहणं हेच तर सांबाचं काम होतं.

७ मे २०१२च्या संध्याकाळी विगन आलं. मुसळधार पाऊस. सामना सुरू होऊन काही मिनिटं होतात तोच कोणीतरी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. मालकांच्या व्यवसायावरचा तो निषेध जगभर दाखवला गेला, लोक हसले. मला हसू आलं नाही. पुण्याचं नाव त्या गावात कशासाठी घेतलं जातंय, हे त्यात दिसत होतं. ८७व्या मिनिटाला कॉर्नरवर विगनच्या आल्काराझने हेडर मारला. ०-१. अकरा वर्षांचा मुक्काम संपला. पुढच्या रविवारी सगळं जग सिटीच्या एतिहाद स्टेडियमकडे बघत होतं तेव्हा ब्लॅकबर्न चेल्सीकडून २-१ हरून शांतपणे निघून गेलं.

पुढे घसरण थांबली नाही. कीन यांनी सप्टेंबरमध्ये राजीनामा दिला. त्यांच्यामागून आलेले हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकले, मायकेल ॲपलटन ६७ दिवस. पाच वर्षांनी, ७ मे याच तारखेला, २०१७ मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत गेला. शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डला ३-१ हरवूनही गोलफरकावर. प्रीमियर लीग जिंकल्यानंतर दुसरा कोणताही संघ तोवर इतक्या खाली गेला नव्हता.

आता काही लोक म्हणतील, परदेशी मालक आले म्हणून क्लब बुडाला. हे मला पटत नाही, आणि माझ्या बाजूने पुरावा ब्लॅकबर्नचाच आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये टोनी मोब्रे व्यवस्थापक झाले. ते आले तेव्हा संघ वाचवणं त्यांना जमलं नाही, पण या वेळी कोणी त्यांना काढलं नाही. तिसऱ्या श्रेणीतून एका वर्षात त्यांनी संघ वर आणला आणि २०२२ पर्यंत थांबले. मालक तेच, गाव तेच, अंतरही तेवढंच. जाणत्या माणसाला वेळ मिळाला, एवढाच फरक. २०२२ मध्ये त्यांचा करार संपला, नवा झाला नाही. पुढच्या हंगामात ब्लॅकबर्न ६९ गुणांवर सातवं आलं आणि प्रीमियर लीगमध्ये जाण्याच्या प्ले-ऑफची, म्हणजे तिसऱ्या ते सहाव्या संघांमधल्या बढतीच्या लढतीची, शेवटची म्हणजे सहावी जागा गोलफरकावर हुकली. ती जागा तेवढ्याच गुणांवर संडरलंडला मिळाली, आणि संडरलंडचे व्यवस्थापक होते टोनी मोब्रे.